वांग्याच्या वावरात फुल रेंज

भगवंतरावांच्या वाटणीचा तुकडा थोरल्या भावांनी त्यांना मोठ्या मनाने दिला होता. मोठ्या मनाने अशासाठी, की तो दुसऱ्या कुणालाच नको होता. गावाच्या उशाला एक उंचवटा, माथ्यावर नुसते दगड आणि उताराला जेमतेम माती. काळी कसदार जमीन भावांनी नाइलाजाने स्वतःकडे ठेवून घेतली आणि "तुह्या वावराले हवा चांगली लागते" असं सांगून धाकट्याची समजूत काढली. भगवंतरावांनीही ती निमूट काढू दिली. त्या काळात गावात त्यांना स्वतःचं असं नाव नव्हतं, अमक्याचा भाऊ एवढीच ओळख. पंगतीत वाढणारे त्यांच्यासमोरून भांडं घेऊन पुढे सरकायचे आणि हा माणूस हात वर करून मागायचाही नाही.

मग मोबाइलचा टॉवर आला. कंपनीची माणसं शेलूबाजारकडून जीपने आली, गावभर हिंडली, कसदार जमिनींकडे ढुंकूनही न पाहता थेट त्या दगडांवर चढली आणि म्हणाली, हीच जागा. उंच जागा पाहिजे होती त्यांना, पिकाशी काय घेणं! भावांचे चेहरे त्या दिवशी जे उतरले ते अजून पुरते वर आलेले नाहीत.

टॉवर उभा राहिला आणि त्याच्यासोबत भगवंतरावही उभे राहिले. जनरेटरमध्ये डिझेल ओतणं, कुंपणात शिरलेल्या शेळ्या हाकलणं आणि टॉवरखालच्या लोखंडी कपाटाची किल्ली सांभाळणं, एवढंच काम कंपनीने त्यांच्याकडे दिलं होतं. पण किल्ली कडदोऱ्याला बांधली की माणसाची चाल बदलते. त्या कपाटात एक दांडी होती. ती खाली ओढायची, जरा थांबायचं, वर करायची. टॉवर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा आणि पुष्कळदा गेलेली रेंज परत यायची. हे कुणालाही जमलं असतं, म्हणूनच भगवंतरावांनी ते कुणाला कधी पाहू दिलं नाही.

"काका, रेंज नाई," म्हणत कुणी दारात आलं की ते आधी वैद्यासारखी चौकशी करायचे. कवापासून नाई? बोलता बोलता गेली का आपोआप गेली? आवाज फाटते का? मग डोळे मिटून मान हलवायची, टोपी चढवायची आणि उंचवट्याकडे निघायचं. कित्येकदा ते चप्पल शोधत असतानाच रेंज आपली आपण येऊन जायची. त्याचंही श्रेय ते नाकारत नसत. हळूहळू लग्नाच्या पत्रिकांवर 'श्री. भगवंतराव टॉवरवाले' असं छापून येऊ लागलं आणि बसस्टँडवरच्या बाकावर लोक त्यांना जागा करून देऊ लागले.

उताराच्या मातीत त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई वांगी लावायच्या. लावणी, निंदणी, तोडणी, डोक्यावर टोपली घेऊन शेलूबाजारचा बाजार गाठणं, सगळं त्यांच्याच अंगावर. घर त्या वांग्यांवर चालायचं हे नवराबायको दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. पण वांग्यांकडे पाहून कुणी रामराम घालत नाही, त्यामुळे तो विषय घरात निघत नसे.

गेल्या वर्षी मुबश्शिर टॉवरवर बसवायला एक नवी पेटी घेऊन आला. मुबश्शिर मंगरूळपीरचा, कंपनीचा तंत्रज्ञ. मोटारसायकलवरून या टॉवरवरून त्या टॉवरवर हिंडायचं आणि बिघाड काढायचा, हा त्याचा धंदा. भगवंतरावांच्या हातचा चहा त्याने वर्षानुवर्षं प्यायला होता.

"काका, याच्यात एआय हाये," तो पेटीवर हात ठेवून म्हणाला.

"म्हंजे कोन?"

"म्हंजे अक्कल. मशीनची. कुठं किती लोक फोन वापरून राह्यले हे थे सोता पाह्यते. लोक जिकडं, रेंज तिकडं वळवते. कोनी वापरत नसंल तं झोपून जाते, लाइट वाचवते. बिघाड झाला तं आपला आपनच दुरुस्त करते. पुढच्या जमान्याचं नेटवर्क हाये, काका. आता इथं मानसाची गरजच नाई."

"मंग तू कायले आला?"

"गरज नाई पडली पाह्यजे, त्याच्यासाठी आलो ना!"

स्वतःच्याच पोटावर नीट मोजमापाने, नट आवळून पाय ठेवण्याचा मुबश्शिरला पगार मिळत होता, आणि पोरगा गुणी असल्याने ते कामही तो मन लावून करत होता. जाताना त्याने कपाटाला नवं कुलूप घातलं. ते म्हणे दूर कुठल्याशा ऑफिसातून उघडायचं. जुनी किल्ली मात्र त्याने भगवंतरावांकडेच राहू दिली. "ठेवा काका, आठवन म्हनून," असं तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात कुचकेपणा अजिबात नव्हता.

यंत्र हुशार होतं यात शंकाच नाही. दुपारी या गावात फोन फारसा वापरला जात नाही, हे त्याने झटक्यात हेरलं. दुपारी माणसं वावरात असतात, फोन पिशवीत असतो आणि पिशवी बांधावरच्या बाभळीला टांगलेली असते. वापर नाही म्हणजे गरज नाही, असा थोर निष्कर्ष काढून यंत्र दुपारचं अर्धवट झोपू लागलं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाही दुपारी डुलकी लागते, पण ती हाक मारली तर उठतात. हे उठेना.

पहिली हाक आली ती भिंतीपलीकडून, शेजारच्या जमनाबाईंची. बाई एकट्या, गुडघ्यांनी अधू, दारापासून नळापर्यंत जायचं तरी भिंतीला धरून. एकुलता एक मुलगा दिनेश चाकणला कारखान्यात. कामावर असताना फोन जवळ बाळगायची बंदी, सुटायला रात्री उशीर, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत तो आईला फोन करायचा. भरदुपारचा तो एक फोन म्हणजे जमनाबाईंचा सगळा दिवस.

"भगवंता, पाह्य ना रे बाप्पा, दिनेशचा आवाज तुटते," त्या म्हणाल्या.

भगवंतराव टोपी घालून निघाले. वर जाऊन नव्या कुलपासमोर काही वेळ उभे राहिले आणि परत येऊन गंभीरपणे म्हणाले, "पाह्यलं. वरूनच प्रॉब्लेम हाये." जमनाबाईंनी विश्वास ठेवला. बाकीच्यांनीही काही दिवस ठेवला. मग एकदा किराणा दुकानदार रामधन भर दुकानात म्हणाला, "काका, कायले उन्हात चढता? आता तुमच्या हातात काई नाई म्हने. मुबश्शिर सांगून राह्यला व्हता."

लोक हसले नाहीत. हसले असते तर भगवंतरावांनी चार शिव्या हासडून वेळ मारून नेली असती. लोकांनी नुसत्या समजुतीने माना हलवल्या, आणि एक जण तर "जाऊ द्या काका" असंही म्हणाला. त्या दिवशी भगवंतराव घरी आले ते पडूनच राहिले. त्यांना भीती वाटली. पुन्हा अमक्याचा भाऊ व्हायची भीती, पुन्हा कुणाच्याच उपयोगाचं नसण्याची भीती. साठीतल्या माणसाला अशी भीती वाटणं शोभत नाही, पण वाटली.

उपाय त्यांना सुचला तो बायकोच्या वांग्यात. पंचफुलाबाईंनी पाखरांसाठी तिथे एक बुजगावणं उभं केलं होतं. डोक्याला मडकं, अंगात भगवंतरावांचाच जुना सदरा. त्याच्याकडे पाहता पाहता त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पाखराला माणूस आहे असं वाटतं म्हणून ते घाबरतं. या यंत्राला तरी माणूस कुठे दिसतो? त्याला फोन दिसतो. मग फोन दाखवू!

गावात घरटी एखादा काच फुटलेला फोन पडलेला होताच, आणि बाजाराच्या दिवशी छत्र्या लावून बसणाऱ्या पोरांनी वाटलेली सिमकार्डंही डब्याडब्यांतून साठली होती. "दुपारची रेंज पाह्यजे ना? मंग जुना फोन आना," असा भगवंतरावांनी फतवाच काढला. लोकांनी आणून दिले. गमावण्यासारखं काही नसलं की आपली माणसं फार उदार होतात. थोड्याच दिवसांत वांग्याच्या सऱ्यांमधून बुजगावण्यांची एक आळीच वसली. प्रत्येकाच्या छातीला फोन बांधलेला, वर उन्हासाठी गोणपाटाची झापडी आणि फोनवर अखंड व्हिडिओ सुरू. कुणी कीर्तन ऐकतंय, कुणी बैलबाजार पाहतंय, आणि एक तर भलतंच बटण दाबलं गेल्याने दिवसभर केक करायला शिकत उभं.

संध्याकाळी ते सगळे फोन घरी आणून चार्जिंगला लावायचं काम अर्थातच पंचफुलाबाईंकडे आलं.

"मले एक बरा फोन घेऊन द्या म्हनलं तं दोन दिवाळ्या गेल्या," त्या वायरींचा गुंता सोडवत म्हणाल्या. "अन् बुजगावन्याले फोन! लोकाइले तोंड दाखवायची सोय ठेवली नाई तुमी."

"तुले नाई समजत त्याच्यातलं," भगवंतराव म्हणाले.

आणि काय सांगावं, यंत्र फसलं! भरदुपारी उंचवट्यावर एवढी मंडळी टॉवर वापरतायत म्हटल्यावर त्याची झोपच उडाली. दुपारची रेंज परत आली. दिनेशचा आवाज खणखणीत येऊ लागला. जमनाबाईंनी भिंतीवरून दोन्ही हातांनी कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. रामधनने दुकानात बसायला खुर्ची दिली. भगवंतराव पुन्हा टॉवरवाले झाले.

पण अक्कल असणाऱ्याची एक खोड असते, तो एकदा शिकून थांबत नाही. यंत्र बुजगावण्यांचा अभ्यास करतच राहिलं. बाकीचं गाव येतं जातं, कधी बोलतं कधी नाही. ही टॉवरच्या पायथ्याची मंडळी मात्र सकाळपासून दिवस मावळेपर्यंत जागची हलत नाहीत, असलं एकनिष्ठ गिऱ्हाईक जिल्ह्यात दुसरं नाही, असं त्याच्या ध्यानात आलं. लोक जिकडं, रेंज तिकडं! यंत्राने टॉवरवरच्या अँटेनांचा रोख हळूहळू खाली वळवला. दूरवर गावाकडे जाणारी रेंज पायथ्याशी येऊन पडू लागली. वांग्याच्या वावरात फोनवर रेंजचे सगळे दांडे भरलेले आणि गावात फोन म्हणजे नुसता आरसा.

गावाने तक्रार केली, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की वावरात रेंज आहे. मग काय, जत्रा! रेशनचा ओटीपी घ्यायला माणसं वांग्यात, सोयाबीनचा भाव विचारायला वांग्यात, सोयरीक जुळवणारे तर सहकुटुंब वांग्यात. भगवंतरावांनी बाज टाकली, पाण्याचा माठ ठेवला आणि कोणी कोणत्या सरीत उभं राहून बोलावं ते ठरवू लागले. सरपंचांचं बोलणं असलं की ते स्वतः एका बुजगावण्याला बाजूला सारून जागा करून द्यायचे. आपल्याच बुजगावण्यांनी गावाची रेंज पळवली आहे, हे त्यांना कळलं नव्हतं असं नाही. मुबश्शिर येऊन स्पष्ट सांगून गेला होता.

"काका, हे काय करून ठेवलं?" मुबश्शिर हसू दाबत म्हणाला होता. "मशीनले वाटून राह्यलं गाव इथंच हाये. अन् आमच्या साहेब लोकाइनं तं ग्रामीन भागाचा विकास म्हनून तुमच्या वावराचा तक्ता बनवला, मोठ्या मीटिंगात दाखवला. टाळ्या वाजल्या!"

"मंग तू सांगतलं नाई त्याइले?"

"मी कायले सांगू? माहं काम या महिन्यात संपते. आता दूर बसून मशीनच सगळे टॉवर पाह्यनार. मी अब्बाच्या दुकानात बसनार." मग जरा गंभीर होऊन तो म्हणाला, "तुमी फोन काढून घ्या, काका. काई दिवसात मशीन आपलं आपन गावाकडं वळंन."

"काढतो," भगवंतराव म्हणाले. काढले नाहीत. आज काढू, उद्या काढू. एवढी माणसं दारात असताना कोण काढतो? पंचफुलाबाईंची फुलावर आलेली झाडं लोकांच्या पायांखाली मोडत होती. त्या रोज मोडक्या फांद्या गोळा करून बांधावर टाकायच्या आणि नवऱ्याशी बोलायच्या नाहीत. त्यांचं न बोलणंही भगवंतरावांना ऐकू आलं नाही, गर्दीच तेवढी होती.

त्याच गर्दीत एका दुपारी दिनेशचा फोन आला. भगवंतराव वावरातच असल्याने त्यांना लागला. "काका, आईचा फोन लागतच नाई. मी रोज लावून राह्यलो. ठीक हाये ना थे? तिले सांगा ना जरा, मी लावतो म्हनून."

"सांगतो ना बाप्पा, आत्ता सांगतो," भगवंतराव मोठ्याने म्हणाले, चार लोकांना ऐकू जाईल असं. आणि लगेच कुणाचा तरी ओटीपी येईना म्हणून तिकडे गेले. सांगायचं राहून गेलं.

ते आठवलं तेव्हा दरम्यान एक आठवडी बाजार होऊन गेला होता. आठवलं तेही पंचफुलाबाई अबोला मोडून म्हणाल्या म्हणून. "जमनाबाईकडं जाऊन या. चूल नाई पेटली तिची कालपासून. मी भाकर देऊन आली, तशीच ठेवली तिनं."

जमनाबाई दाराशी बसल्या होत्या. फोन मांडीवर, पदराने पुन्हा पुन्हा पुसून लख्ख केलेला.

"रागावला रे पोट्टा," त्या म्हणाल्या. "मागच्या खेपी मी बोलली त्याले. लगन झाल्यापासून बदलला म्हनलं. थेच लागलं त्याले. माह्या तोंडाले काई धरबंद नाई, भगवंता. आता नाई करनार थो फोन."

भगवंतरावांनी सांगायला पाहिजे होतं, की मीच विसरलो, माझ्याच बुजगावण्यांनी तुमचा फोन खाल्ला. पण आयुष्यभर ज्याला कुणी मोजलं नाही आणि मग मोजायला लागलं, त्या माणसाच्या तोंडातून असली वाक्यं सहजी निघत नाहीत. ते म्हणाले, "नाई वं काकू. आत्ताच, आत्ताच आला व्हता त्याचा फोन मले. लागत नाई म्हने तुमचा. लय याद करून राह्यला."

"खरंच?"

"तुमची शप्पत."

घरी येऊन ते बसले नाहीत. थेट वावरात गेले आणि ओटीपीसाठी आलेल्या माणसांदेखत एकेका बुजगावण्याचा फोन उपटून पोत्यात भरू लागले. "काका, काहून?" लोकांनी विचारलं. "संपलं," ते म्हणाले. "घरी जा. येईन रेंज घरीच." पंचफुलाबाई एका सरीत उभ्या राहून पाहत होत्या. मग त्याही फोन सोडायला लागल्या.

यंत्राला शहाणं व्हायला वेळ लागला. तोवर भगवंतराव रोज दुपारी जमनाबाईंच्या दाराशी जाऊन बसायचे. नुसते फोनच्या काचेकडे बघायचे. जमनाबाईंना वाटायचं, शेजारधर्म. मग एका सकाळी गावातल्या सगळ्या फोनवर कंपनीचा मेसेज आला: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने आपल्या परिसरातील सेवा आपोआप सुधारली आहे. रामधनने तो दुकानात मोठ्याने वाचून दाखवला आणि मशीनचं कौतुक केलं. भगवंतरावांनी साखर घेतली आणि निघून आले.

त्याच दुपारी जमनाबाईंचा फोन वाजला. बाईंना ऐकायला कमी येतं, त्यामुळे फोनचा आवाज नेहमीच मोठा. दिनेशचा शब्द न् शब्द अंगणात पडत होता.

"आई! अवं किती दिस लावून राह्यलो मी! मी तं भगवंतकाकाले सांगतलं व्हतं, रेशनच्या हप्त्यात. तवाच सांगतलं व्हतं. त्यानं सांगतलंच नाई का तुले?"

जमनाबाईंनी भगवंतरावांकडे पाहिलं. भगवंतरावांनी खाली, स्वतःच्या चपलांकडे. 'आत्ताच आला व्हता' हे आपले शब्द त्यांना आठवत होते, आणि ते बाईंनाही आठवत होते. उपाशी काढलेले दिवसही बाईंना आठवत असणारच.

"सांगतलं ना रे," जमनाबाई म्हणाल्या. "तवाच सांगतलं. धावत आला व्हता बिचारा. भगवंता हाये म्हनून तं मले काई चिंता नाई."

"काकाले धन्यवाद सांग मंग!"

"सांगीन ना."

आईलेकाचं बोलणं बराच वेळ चाललं. भगवंतरावांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि पुसायला टोपीशिवाय काही नव्हतं. फोन बंद झाल्यावर ते उठू लागले.

"कुठी चालला?" जमनाबाई म्हणाल्या. "काम हाये काय तुले?"

काम नव्हतं. भगवंतराव पुन्हा खाली बसले, आणि बाई भिंतीला धरून चहा ठेवायला आत गेल्या.